हेमंत तारीचा ठोका

शिरगळ बंदरातले डॉल्फिन हेमंत तारीला नावानिशी ओळखतात, ही बातमी जगाला सगळ्यात आधी कोणी दिली असेल तर ती खुद्द हेमंत तारीनेच. पुढे ती वर्तमानपत्रात आली, पर्यटकांच्या व्हिडिओंत आली, ग्रामपंचायतीने एसटी थांब्यापाशी लावलेल्या फलकावरही आली. इतक्या दारांवरून फिरून आपल्याकडे परत आलेली ती बातमी ऐकून हेमंतचा स्वतःचाही तिच्यावर पक्का विश्वास बसला. तिला थाप म्हणता येत नव्हतं, कारण डॉल्फिन खरोखरच यायचे.

शिरगळसमोरच्या समुद्रात इंजिनाला बंदी येऊन बरीच वर्षं झाली होती. इंजिनांच्या घरघरीने पाण्यातल्या जनावरांचे कान बधिर होतात, हे सरकारला एकदाचं पटलं आणि किनाऱ्यावरच्या होड्यांनी पुन्हा शिडं चढवली. ज्यांना शीड बांधता येत नव्हतं ते आधी ओरडले आणि मग शिकले. हेमंतला ते येतच होतं. त्याची 'जलदेवी' ही होडी एका वेळी एकाच कुटुंबाला घेऊन जायची. लोक आवाजाशिवाय समुद्र बघायला मिळतो म्हणून खूश असत आणि वर डॉल्फिनची हमी मिळे. ही हमी किनाऱ्यावर पहिल्यांदा दिली ती हेमंतनेच, बाकीचे त्याच्याकडूनच शिकले.

त्याची रीत साधी होती. खोल पाण्यात गेलं की शीड सैल सोडायचं, वल्हं उचलायचं आणि त्याच्या मुठीने होडीच्या काठावर ठोकायचं. दोन ठोके जवळजवळ आणि एक जरा थांबून. असं काही वेळ केलं की पाण्यात करड्या पाठी दिसू लागत, होडीच्या दोन्ही बाजूंनी डॉल्फिन सुसाट येत, एखादा उडी मारी, एखादा शेपटी आपटी. माणसं टाळ्या वाजवत आणि हेमंत मिशीवर बोट फिरवत म्हणे, "ओळख आहे आमची."

हा ठोका त्याने शोधलेला नव्हता. त्याच्या वडिलांच्या काळी शिरगळचे लोक अशीच मासेमारी करत. जाळं समुद्रात गोलाकार सोडायचं, एक बाजू उघडी ठेवायची, त्या उघड्या बाजूला होडी उभी करायची आणि वल्ह्याने काठावर ठोकत राहायचं. आवाजाने बिथरलेला मासा पलीकडे पळतो आणि जाळ्यात शिरतो. पुढे मासा कमी झाला, ती जाळी परवडेनात, लोकांनी ती पद्धत सोडून दिली. हेमंतने पर्यटकांची पहिली फेरी मारली त्या दिवशी समुद्र नुसता रिकामा होता. पाहुणे कंटाळले होते, आणि हेमंतचा हात सवयीने वल्ह्याकडे गेला. त्याने ठोकलं आणि डॉल्फिन आले. त्या दिवसापासून त्याचं आयुष्य बदललं, असं तो सांगे, आणि ते खरंच होतं.

त्याची मुलगी केतकी लहानपणी त्याच होडीत नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, बसून हे बघत वाढली. आपल्या बाबांना समुद्रातली जनावरं ओळखतात, हे वर्गात सांगून ती भाव खायची. मोठी होऊन ती सागरी जीवांच्या आवाजाचा अभ्यास करायला लागली ती त्याच हट्टापायी. उन्हाळ्यात ती घरी आली तेव्हा तिच्यासोबत काळ्या पेट्या होत्या, तारांची भेंडोळी होती आणि एक हातात मावेल एवढा पडदा होता. या सगळ्या यंत्राला तिच्या संस्थेतल्या लोकांनी नाव दिलं होतं 'कानोसा'.

हे यंत्र भाषांतर करत नाही, हे केतकीला प्रत्येकाला वेगळं समजावून सांगावं लागे. डॉल्फिनला प्रत्येकाची स्वतःची शीळ असते, तिला नाव म्हटलं तरी चालेल, हे फार पूर्वीच माहीत झालं होतं. पण नावांपलीकडचे जे शेकडो आवाज ते काढतात त्यांचा अर्थ लावायचा कसा? शब्दकोश कोणीच लिहून ठेवलेला नाही. कानोशाने तो नाद सोडून दिला. समुद्राच्या तळाशी माइक पसरलेले. एकच आवाज वेगवेगळ्या माइकांवर किंचित मागेपुढे पोचतो, त्या फरकावरून कोणता डॉल्फिन कुठे आहे हे यंत्र काढतं. मग ते आपल्या साठवणीत जातं आणि एवढंच बघतं की हाच आवाज यापूर्वी केव्हा आला होता आणि त्या वेळी पाण्यात काय चाललं होतं. गावातली एखादी म्हातारी दाराशी बसून, कोणी कोणत्या सुरात हाक मारली यावरून घरात काय घडलंय ते ओळखते, तसाच हा प्रकार. फक्त या म्हातारीला तीस वर्षांतलं सगळं आठवत होतं. कारण फार पूर्वी, जहाजांचा आवाज मोजायला म्हणून कोणी तरी याच समुद्रात माइक सोडले होते आणि ती ध्वनिमुद्रणं कुठे तरी पडून होती. केतकीने ती मिळवून कानोशाला खाऊ घातली होती.

"म्हणजे ते माका काय म्हणतत, ता कळतला?" हेमंतने विचारलं.

"तुमची होडी इली की ते एक ठरावीक आवाज काढतत, एवढा माका म्हायत आसा," केतकी म्हणाली. "लांबच्या माइकावर पुसट ऐकलंय. आता होडीतसूनच ऐकूया. बाबा, डॉल्फिनांनी माणसाक दिलेला नाव अजून जगात कोणाक गावाक नाय. पयला नाव तुमचा गावतला."

आपलं नाव सापडणार हे ऐकल्यावर हेमंत गप्प बसणं शक्यच नव्हतं. संध्याकाळपर्यंत बंदरावर ते सगळ्यांना माहीत झालं. बबन टिकम हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त आणि आता बाजूच्या होडीचा मालक. तो म्हणाला, "हेम्या, तुका ते तारीभाव म्हणतत की नुसता 'रे हेम्या', ता इचारून घे. मान रवाक व्हयो."

घरी बायकोने, सुगंधाने, मासे साफ करता करता मान वर न करता सांगितलं, "लग्न झाल्यापासून मी हाक मारतंय ती ह्येंका ऐकाक येणा नाय, आणि आता माशांची हाक ऐकाक निघाले."

"मासो नाय तो आये," केतकी म्हणाली.

"मग काय पावणो?" सुगंधाने विचारलं.

त्या आठवड्यात नागपूरहून बोबडे नवराबायको आले होते. सकाळी जमिनीकडून सुटणारा मतलई वारा होता, 'जलदेवी'चं शीड भरलं आणि किनारा मागे पडू लागला. बोबड्यांनी होडीचा काठ दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"दिसतील नं भाऊ नक्की?" ते म्हणाले. "नाही तं आम्ही ताडोब्यात गेलतो, वाघाची शेपटी पन नाही दिसली."

"इथे हमी आहे साहेब," हेमंत म्हणाला. पाहुण्यांशी तो शहरी मराठी बोलायचा. "ही माझी मुलगी. आज ती त्यांचं बोलणं ऐकणार आहे."

केतकीने कानाला हेडफोन लावले होते आणि माइक पाण्यात सोडला होता. हेमंतने शीड सैल सोडलं, वल्हं उचललं. ठोकताना त्याचं सगळं लक्ष आज मुलीच्या चेहऱ्याकडे होतं. थोड्याच वेळात पश्चिमेकडून पाठी दिसल्या. सौ. बोबडे उठून उभ्या राहिल्या आणि 'अगं बाई, अगं बाई' म्हणत खाली बसल्या. डॉल्फिन आले, होडीच्या अगदी कडेने गेले, एकाने अर्धं अंग पाण्याबाहेर काढून स्वतःला आपटलं, आणि बोबड्यांच्या सदऱ्यावर पाणी उडालं. "वा रे पठ्ठ्या!" ते ओरडले. ताडोब्याची सगळी भरपाई झाली होती.

केतकी मात्र पडद्याकडे बघत होती. तिने एकदा हेडफोन काढला, पुसला, परत लावला. चेहऱ्यावरचं हसू केव्हाच गेलं होतं.

"काय गो? गावला?" हेमंतने हळूच विचारलं.

"यंत्राक वेळ लागता बाबा," ती म्हणाली आणि समुद्राकडे बघत राहिली.

हेमंत काही शिकलेला शास्त्रज्ञ नव्हता, पण पोटच्या पोरीचा खोटेपणा ओळखायला यंत्र लागत नाही. लहानपणी शाळेत मार खाऊन आली की ती अशीच समुद्राकडे बघायची.

संध्याकाळी पडवीत त्याने तिला गाठलं. सुगंधा बाजूला बसून तांदूळ निवडत होती. "नाव गावाक नाय तर तसा सांग," तो म्हणाला. "मी काय रडतलंय?"

केतकीने हेडफोन त्याच्या कानांवर चढवले. "आधी हो ऐका. आज सकाळचो."

एक तुटक, खालून वर चढणारा आवाज आला, परत आला, मग दोन-तीन जणांनी तो उचलला. हेमंतचे डोळे चमकले. हेच आपलं नाव. त्याने तो मनात घोळवून बघितला.

"आता हो," केतकी म्हणाली. तोच आवाज. "हो चार वर्षांपूर्वीचो. त्या दिवशी मोठी मुशी इल्ली. शार्क. पिल्लाच्या मागे लागल्ली."

हेमंतच्या भुवया आकसल्या. केतकीने तिसरा आवाज लावला. हे ध्वनिमुद्रण जुनं होतं, खरखरीत. आधी नुसतं पाणी वाजलं. मग लाकडावर लाकूड ठोकल्याचा आवाज आला. दोन जवळजवळ, एक थांबून. एका होडीचा नव्हे, पाच-सहा होड्यांचा. हेमंतने तो लगेच ओळखला. सगळा शिरगळ समुद्रावर उतरायचा तेव्हाचा तो आवाज होता. त्यात त्याचा बापही ठोकत असणार, कदाचित तो स्वतःही. आणि त्या ठोक्यांच्या मधून तोच तुटक, चढता आवाज, एकदा नाही, सारखा सारखा, एकाच गळ्यातून, शेवटी शेवटी अगदी लांबट झालेला.

"ह्या दिवशी एक पिल्लू जाळ्यात गावला," केतकी म्हणाली. "हो आवाज तेच्या आयेचो."

हेमंतने हेडफोन काढले. "मगे? जाळ्याचो आणि माझो काय संबंध? ते माझ्याकडे येतत. भियाले तर लांब पळतीत, माझ्याकडे कित्याक येतीत?"

केतकीने अंगणातल्या मातीत बोटाने एक गोल काढला आणि एका बाजूला उघडा ठेवला. "जाळा असा. होडी हय. मासो भियान पलीकडे पळता आणि गावता. डॉल्फिन हुशार. तेंका कळला की पलीकडे जाळा आसा, सुटाची वाट एकच, होडीकडची, जय ठोके वाजतत थय. म्हणान पोरांका मधी घेवन, होडीच्या कडेन, होडीच्या खालसून सुटाचा. मोठ्यांनी वर आपटाआपट करूची, म्हणजे पोरांकडे कोणाचा लक्ष जावचा नाय. बाबा, ते तुमका भेटाक येणत नाय. पळाक दुसरी वाट नाय म्हणान तुमच्याकडे येतत."

सुगंधाचे तांदळातले हात थांबले.

"आता खय जाळी आसत?" हेमंतचा आवाज चढला. "बंद होवन किती वर्षा झाली!"

"तीच गोष्ट आसा. जाळी गेली. आताच्या पिल्लांच्या आयांनी पण जाळा बघूक नाय. तेंका तेंच्या आयांनी शिकयल्यानी आणि त्या आता पोरांका शिकयतत. कारण ठोको अजून वाजता. तुमचो. तो थांबलो असतो तर एक-दोन पिढ्यांत ते विसरले असते."

"यंत्र खोटा बोलता," हेमंत म्हणाला. "हसत येतत ते. सगळ्यांनी बघल्यानी."

"तेंचा तोंडच तसा," सुगंधा म्हणाली. "माझ्या थोरल्या नणंदेचा पण तसाच होता. घरात मयत झाला तरी ती हसतासारखी दिसा."

हेमंत उठून बाहेर गेला. तो चिडला होता यंत्रावर, मुलीवर, बायकोवर, आणि सगळ्यात जास्त त्या आवाजावर, जो त्याने क्षणभर का होईना आपलं नाव म्हणून मनात घोळवला होता. त्याची त्याला फार शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे नव्हते. त्याने होडी काढली आणि केतकीला नुसतं मानेने 'चल' म्हटलं. तिने माइक पाण्यात सोडला नाही. यंत्राचं आज काम नव्हतं.

त्याने ठोकायला सुरुवात केली. इतकी वर्षं ठोकताना तो पाहुण्यांची तोंडं बघत आला होता किंवा उडी मारणारा डॉल्फिन. कारण पाहुणे तिकडेच बघत. आज त्याने उडीकडे पाठ केली आणि उलट्या बाजूच्या पाण्यात बघितलं. पाणी नितळ होतं. दोन मोठ्या पाठी एकमेकींना चिकटून आल्या, आणि त्यांच्यामध्ये एक लहानगं होतं. दोघींनी त्याला दोन्ही बाजूंनी असं दाबून धरलं होतं की त्याला स्वतःचं असं पोहायला जागाच नव्हती. श्वास घ्यायला त्याने डोकं वर काढलं तर एकीने लगेच त्याला खाली दाबलं. तिघं होडीच्या खालून गेली. पलीकडे कोणीतरी जोरात शेपटी आपटली. तिकडे बघावं म्हणूनच आपटली होती, हे आज त्याला कळलं.

पुढच्या ठोक्यासाठी वर गेलेला हात तसाच राहिला. मग त्याने वल्हं आडवं ठेवलं आणि तो होडीच्या तळाशी बसला.

तिथूनच तो म्हणाला, "तुझ्या निबंधात माझा नाव नको घालू."

"नाय घालूचंय. पण बाबा, तुमच्या एकट्याचा रवाक नाय आता. बबनकाका ठोकता. इतर पण ठोकूक लागले. एक होडी गेली की दुसरी. दिवसभर डॉल्फिन पोरांका घेवन पळतत. पिल्लाक दूध पिवचा तर आयेन संथ पोहाक व्हया, ता तेंका गावणाच नाय. गेल्या दोन वर्षांत जगलेली पिल्ला कमी झाली. म्हणान तर संस्थेन माका हय धाडल्यान."

म्हणजे ती फक्त त्याचं नाव शोधायला आली नव्हती. हेमंतला तेही लागलं. पण पिल्लू डोळ्यांसमोरून जात नव्हतं, त्यामुळे रागाला जागा उरली नाही.

आता प्रश्न साधा होता आणि म्हणूनच अवघड. ठोका बंद केला तर हमी गेली, आणि हमी गेली तर हेमंत तारी म्हणजे शीड हाकणाऱ्या बारा होडीवाल्यांतला एक. शिवाय आपण इतकी वर्षं घाबरवलं आणि त्याला ओळख म्हटलं, हे चारचौघांत सांगावं लागणार. गुपचूप बंद करावं तर बाकीचे ठोकतच राहणार, कारण त्यांना ते शिकवलं त्यानेच. पावसाळाभर होडी वर ओढून ठेवलेली होती आणि हेमंत घरात या खांबापासून त्या खांबापर्यंत येरझारा घालत होता. केतकी काम आटोपून परत गेली. जाताना तिने त्याला काहीच विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर त्याला भांडता तरी आलं असतं.

नारळी पौर्णिमेला बंदरावर सगळे जमले. समुद्राला नारळ वाहून झाला, आणि पर्यटन संघाने एक छोटासा कार्यक्रम ठेवला होता. यंदा हेमंत तारीला 'डॉल्फिनमित्र' म्हणून शाल आणि श्रीफळ द्यायचं ठरलं होतं. हे ठरलं होतं उन्हाळ्याआधीच, आणि नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. अध्यक्षांनी शाल पांघरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बबन ओरडला, "नाव काय सांगल्यानी ता तरी सांग!"

हेमंत उभा राहिला. त्याला भाषणाची सवय होती, पण फुशारकीच्या.

"नाव गावला," तो म्हणाला. "मुशी येता तेव्हा ते जा वराडतत, जाळ्यात पोर अडाकता तेव्हा जा वराडतत, ताच माका बघून वराडतत. ता माझा नाव."

लोक हसले. त्यांना वाटलं पुढे काहीतरी गंमत येणार. ती आली नाही. त्याने ठोका, जाळं, उघडी बाजू, दाबून धरलेलं पिल्लू, सगळं सांगितलं. सांगताना कुठे कुठे अडखळला. हसू हळूहळू बंद झालं. म्हातारी माणसं मान खाली घालून ऐकत होती, त्यांना जाळी आठवत होती. शेवटी तो म्हणाला, "मी ठोकूचा सोडलंय. तुमी पण सोडा. ही इद्या तुमका मीच शिकयलंय, म्हणान सांगतंय."

शाल काढून त्याने घडी केली आणि अध्यक्षांच्या हातात दिली. अध्यक्षांना तिचं काय करावं ते कळेना.

बबन पुढे आला. तो रागावला होता, आणि त्याचंही खोटं नव्हतं. "तुझा बरा आसा," तो म्हणाला. "तुझी केतकी कमावता. माझा घर ह्या होडयेर चलता. डॉल्फिन दिसाक नाय तर पावणो येतलो कित्याक? पाणी बघूक? पाणी तेंच्या नळाक पण येता."

"माका म्हायत नाय," हेमंत म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून बंदरावर कोणी पूर्वी ऐकलं नव्हतं.

"मगे एक कर. यंदाचो मोसम तू ठोक्याशिवाय काढून दाखय. तुझो धंदो चललो तर आमी सगळे सोडू. तंवसर निम्मे दिवस आमी पण ठोकूचे नाय. ह्येच्या पुढे माका सांगू नको."

एवढंच ठरलं, आणि बबनने बोलल्याप्रमाणे आपल्या बाजूचं पाळलंही.

मोसम वाईट गेला. हमी नाही म्हटल्यावर निम्मे लोक फोन ठेवून देत. जे येत त्यातले काही परत जाऊन लिहीत, 'डॉल्फिन दिसले नाहीत, होडीवाला तोंड शिवून बसला होता.' हेमंत पाहुण्यांना समुद्री कासवं दाखवी, पाण्यावर झेप घेणारे पक्षी दाखवी, गप्प बसायला सांगे. शहरातल्या माणसांना गप्प बसवणं हे डॉल्फिन बोलावण्यापेक्षा अवघड काम आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. लांबवर पाठी दिसत तेव्हा हात वल्ह्याकडे जाई, आणि तो दुसऱ्या हाताने तो धरून ठेवी. एकदा तर त्याने वल्हंच सुगंधाच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं आणि वाऱ्याशिवाय अडकून पडल्यावर तिची बोलणी खाल्ली. मनातून त्याला अजून एक आशा होती, ती त्याने कोणाला सांगितली नव्हती. आपण त्रास द्यायचं थांबवलं की डॉल्फिनांना ते कळेल, ते आपणहून येतील, आणि तेव्हा जे काही म्हणतील ते आपलं खरं नाव असेल.

थंडी सरता सरता केतकी परत आली. त्या दिवशी होडीत इचलकरंजीचे मगदूम नावाचे निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको होती. "दिसतीलच असं नाही," हेमंतने किनाऱ्यावरच सांगून टाकलं होतं. "न दिसंना," मगदूमबाई म्हणाल्या, "वारा तर खातोय." माणसं शहाणी होती. होडी वाऱ्यावर सोडून सगळे बसून राहिले. केतकीने माइक पाण्यात सोडला.

ऊन डोक्यावर यायला लागलं तेव्हा उजव्या हाताला एक पाठ वर आली. सावकाश, घाई नसल्यासारखी. मागे एक लहानगं होतं. आई होडीच्या दिशेने आली, पण होडीसाठी आल्यासारखी नव्हे. होडी तिच्या वाटेत होती एवढंच. पिल्लू मध्येच भरकटलं, पाण्यावर उताणं झालं, एक वाळकं पान नाकाने ढकलत बसलं, आणि आईने त्याला बोलावलंदेखील नाही. मग ती होडीच्या बाजूला, शिडाची सावली पडली होती तिथे, अंग किंचित कलतं करून संथ पोहू लागली. पिल्लू पोटाशी गेलं. ते दूध पीत होतं.

होडीत कोणी हललं नाही. हेमंत रांगत केतकीपाशी गेला. "काय म्हणता गो ती?" त्याने कानात विचारलं.

केतकीने पडद्याकडे बघितलं. हेडफोन कानावर घट्ट दाबला. "काय नाय."

"म्हणजे? ऐकाक येणा नाय?"

"येता. तेचा पिवचा ऐकाक येता, तिचो श्वास येता. पण आपल्याबद्दल काय नाय बाबा. आपण हय आसव ता तिका म्हायत आसा. सांगण्यासारखा काय वाटाक नाय तिका."

हेमंत तिथेच बसला. त्याला आधी वाईटच वाटलं, अगदी लहान मुलासारखं. मोसमभर जपलेली ती आशा त्या एका वाक्यात संपली होती. नाव नाही, ओळख नाही, साधा उल्लेखसुद्धा नाही. मग त्याने परत पाण्यात बघितलं. आईने डोळा मिटला होता, निदान होडीकडचा तरी. इतक्या जवळ, आणि डोळा मिटून. आता जे वाटत होतं ते दुःख नव्हतं, एवढं त्याला पक्कं कळलं.

मगदूमबाई तोंडावर पदर धरून पुढे वाकल्या. "तुमच्या वळखीची हाय व्हय ही?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"नाही हो बाई," हेमंत म्हणाला, आणि ते त्याने इतक्या आनंदाने म्हटलं की बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "आम्ही तिचे कोणी नाही."

पिल्लू शिडाच्या सावलीत दूध पीत राहिलं.